खुर्ची समोर आली तेव्हा: एका नकाराचं प्रकरण

हे प्रकरण माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एका गृहस्थांचं आहे. नाव, संस्था आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. उरलेलं त्यांनी वाचलं, दोन ठिकाणी दुरुस्ती केली आणि मग छापायला हरकत नाही म्हणाले. लॅबमधली शिकाऊ मुलं त्यांना मास्तर म्हणायची, म्हणून इथेही मास्तरच.

पार्श्वभूमी

मास्तर तेव्हा ४४ वर्षांचे होते. कॅलिब्रेशन लॅबच्या लांबी विभागात त्यांची १७ वर्षं झाली होती. कारखान्यांतून येणारे मायक्रोमीटर, व्हर्नियर, डायल गेज, स्लिप गेज खरं मोजतात का आणि चुकत असतील तर कितीने, हे तपासून प्रमाणपत्र द्यायचं, हे त्यांचं काम. बाहेरच्या माणसाला कंटाळवाणं वाटेल. मलाही वाटलं होतं. म्हणून दुसऱ्या भेटीत मी त्यांना एका दिवसाचं काम सकाळपासून सांगायला लावलं.

स्लिप गेज म्हणजे पोलादाचे आरशासारखे घासलेले ठोकळे. दोन ठोकळ्यांची तोंडं एकमेकांवर दाबून सरकवली की ते चिकटून बसतात, मध्ये ना गोंद ना चुंबक. लांबी सांगायची ती २० अंश सेल्सिअसची, जगभर हाच दंडक. १०० मिलिमीटरचा पोलादी ठोकळा एका अंशाने तापला की मायक्रॉनभराहून, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून, थोडा जास्त वाढतो, आणि या खोलीतलं सगळं भांडण मायक्रॉनच्या तुकड्यांवरून असतं. त्यामुळे बाहेरून आलेला नग आधी काही तास नुसता ठेवून द्यायचा, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा. नवा मुलगा हमखास घाई करतो आणि उघड्या हाताने ठोकळा उचलतो. मास्तर त्याला ओरडत नाहीत. तोच ठोकळा त्याला लगेच मोजायला लावतात, पाऊण तासाने पुन्हा मोजायला लावतात आणि दोन्ही आकडे शेजारीशेजारी लिहून घेतात. "पुन्हा त्याला हातमोजे घाल म्हणून सांगावं लागत नाही मॅडम," म्हणाले. हे सांगताना त्यांनी माझ्या टेबलावरचा पेपरवेट उचलला होता आणि ठोकळा कुठल्या बोटांनी, कडेला कसा धरायचा ते मला दाखवत होते.

घरी पत्नी आणि कॉलेजात जाणारी मुलगी. पत्नीचीही नोकरी होती. मुलीच्या शिक्षणाची तीन वर्षं बाकी होती. ओढाताण नव्हती, पण पैसा उतूही जात नव्हता.

अडचण

लॅबप्रमुख निवृत्त होणार होते. व्यवस्थापनाने मास्तरांना बोलावून पद देऊ केलं. पगार साधारण एक पंचमांशाने वाढणार होता. उत्तर द्यायला पाच आठवडे दिले. या खुर्चीची वाट ते १४ वर्षं बघत होते, आणि हे सगळ्या लॅबला ठाऊक होतं.

पहिल्या भेटीत बसल्या बसल्या त्यांनी सांगितलं, "मला नको वाटतंय. का वाटतंय ते शोधून द्या, म्हणजे मी होकार देऊन मोकळा होतो."

हे वाक्य मी जसंच्या तसं वहीत उतरवलं आणि तरीही नीट ऐकलं नाही. माणूस निर्णय घेऊन आला होता आणि शंकेला आजार समजून तिच्यावर औषध मागत होता. मीही वैद्यासारखी वागले. मोठी जबाबदारी समोर आली की माणूस बिचकतो, आपल्याला झेपणार नाही असं त्याला वाटतं, हे मी शेकडो वेळा पाहिलेलं. तोच साचा मी त्यांना लावला. दीड भेट आम्ही आत्मविश्वास या विषयावर घालवली. मास्तर सभ्यपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मॅडम, झेपेल की. दोनदा साहेब आजारी होते तेव्हा मीच चालवली लॅब."

पाच आठवड्यांतला सव्वा आठवडा गेला होता.

तक्ता, आणि तो कसा फसला

पुढची माझी पायरी नेहमीची होती. पर्याय आडवे, कसोट्या उभ्या, प्रत्येक कसोटीला वजन, आणि गुणांची बेरीज. मास्तरांना तक्ता आवडला, आकड्यांतलाच माणूस. घरून भरून आणला. पद स्वीकारणं पहिलं आलं होतं, बऱ्याच फरकाने.

कागद खोडरबराने घासून पातळ झाला होता, म्हणून मी विचारलं, किती वेळा भरलात?

"तीनदा."

पहिल्या दोन वेळी काय आलं होतं? थोडा वेळ ते गप्प बसले. मग म्हणाले की पहिल्यांदा पद तिसऱ्या क्रमांकावर गेलं होतं. 'रोजच्या कामाचा आनंद' या कसोटीला आपण फार वजन दिलं, ते बालिश वाटलं म्हणून कमी केलं. तरी पद दुसरंच आलं. मग 'मान' ही कसोटी नव्याने घातली.

लॅबमध्ये कुणी हवं ते उत्तर येईपर्यंत वाचन, म्हणजे मोजणीचा आकडा, पुन्हा पुन्हा घेतलं असतं तर तुम्ही काय केलं असतं, असं मी विचारलं. "प्रमाणपत्र रद्द," ते म्हणाले आणि स्वतःच हसले. पहिल्यांदा मोकळे हसले ते तेव्हा.

तेव्हापासून मी हा तक्ता कुणालाही घरी नेऊ देत नाही. माझ्यासमोर, पेनाने. खाडाखोड असेल ती दिसू द्यायची. खाडाखोडीतून बेरजेपेक्षा जास्त कळतं.

हे कधी ठरलं होतं?

आता मला 'मान' या शब्दाचा पाठलाग करायचा होता. पद हवं हे तुम्ही कधी ठरवलंत, असं विचारलं. बहुतेक लोक यावर 'हळूहळू' म्हणतात. मास्तरांनी दिवस सांगितला.

१४ वर्षांपूर्वी लॅबमध्ये एका ग्राहकाचे लोक पाहणीला आले होते. तेव्हाचे प्रमुख, म्हणजे आता निवृत्त होणाऱ्यांच्या आधीचे, मास्तरांनी केलेलं प्रमाणपत्र वाचत होते. तापमानाच्या दुरुस्तीत चिन्ह उलटं पडलं होतं, उणेच्या जागी अधिक. प्रमुखांनी कागद टेबलावरून त्यांच्याकडे भिरकावला आणि पाहुण्यांसमोर म्हणाले, "हे काम ज्याला कळतं त्याने करायचं असतं." मास्तर बाहेर गेले, तोंड धुतलं, आरशात पाहिलं आणि ठरवलं की एक दिवस त्या खुर्चीत आपण बसायचं.

"आणि चूक माझीच होती," त्यांनी पुढे सांगितलं. "चिन्ह खरंच उलटं होतं."

ते प्रमुख नऊ वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. ज्याला दाखवायचं होतं तो माणूस बघायलाच उरला नव्हता. मास्तर मात्र अजून ती पैज लढत होते. मला वाटलं, गाठ सापडली. उगम कळला की इच्छेतली हवा निघेल, निर्णय आपोआप होईल.

तसं काही झालं नाही. मास्तर दोन दिवसांनी आले आणि म्हणाले, "अपमानातून सुरू झालं, मान्य. पण त्या अपमानामुळेच मी तापमानाचं सगळं शास्त्र शिकलो. मग ते शिकणंही खोटं का? आणि खुर्ची वाईट जागी हवीशी वाटली म्हणून खुर्चीच वाईट, असं थोडंच आहे?"

बरोबर होतं त्यांचं. एखादी धडपड कुठून सुरू झाली हे कळल्याने ती पुढे चालू ठेवावी की नाही हे कळत नाही. आमच्या धंद्यात हा घोटाळा फार होतो. मूळ शोधण्यात इतकी गंमत असते की ते सापडलं की काम झालं असं वाटतं. माझंही तसंच झालं होतं. त्या प्रसंगातून एकच गोष्ट हाती लागली: खुर्ची 'मिळवणं' हे ध्येय होतं. खुर्चीत बसून सोमवारी सकाळी काय करायचं, याचा विचार त्यांनी १४ वर्षांत एकदाही केला नव्हता.

दोन डायऱ्या

म्हणून मग दोन कामं दिली.

पहिलं, दोन आठवडे रोज संध्याकाळी दिवसाचे तुकडे पाडायचे: या वेळी काय केलं, कुणाबरोबर, कसं वाटलं. पद्धत जुनीच आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांकडून आदल्या दिवसाचा असा हिशेब लिहून घेतला होता. नुसतं 'काम आवडतं का' विचारलं तर माणूस आपल्या कामाबद्दलचं मत सांगतो. काल दुपारी तीन वाजता कसं वाटत होतं असं विचारलं तर वेगळं काहीतरी बाहेर येतं.

दुसरं काम मास्तरांना विचित्र वाटलं. निवृत्त होणाऱ्या साहेबांकडे जाऊन त्यांच्या मागच्या चार आठवड्यांच्या नोंदी मागायच्या आणि स्वतःच्या हाताने उतरवून आणायच्या.

त्या दुसऱ्या डायरीत होतं ते असं: दरपत्रकं, रजा, उशीर झालेल्या कामांवरून ग्राहकांची भांडणं, मूल्यांकनाला येणाऱ्या तपासनिसांची तयारी, खरेदी, अडकलेली देणी, मालकांबरोबर बैठका. शेवटी मास्तरांनी स्वतःहून एक ओळ लिहिली होती: "चार आठवड्यांत साहेबांनी एकदाही हातमोजे घातले नाहीत."

पहिल्या डायरीत मात्र एक अनपेक्षित गोष्ट निघाली. शिकाऊ मुलांबरोबर एखाद्या विचित्र वाचनाचं कोडं सोडवण्यात वेळ कळत नाही, हे आम्ही दोघांनी धरूनच चाललं होतं आणि तसंच दिसलं. बैठका नकोशा, तेही ठीक. पण एका मंगळवारी त्यांनी चिडलेल्या ग्राहकाला फोनवर २५ मिनिटं समजावलं होतं आणि पुढे लिहिलं होतं, 'मजा आली'. माणसांच्या भानगडी आपल्याला जमत नाहीत असं ते सगळ्यांना सांगत आले होते. म्हणजे प्रमुखाच्या कामातलं सगळंच त्यांच्या नावडीचं नव्हतं. खुर्ची नाकारायला सोयीचं झालं असतं ते कारणही गेलं.

समोरचे पर्याय

जेमतेम आठवडा उरला तेव्हा चार वाटा होत्या.

पद घ्यायचं. यात पैसा होता, १४ वर्षांचा शेवट गोड होत होता, आणि कुणाला काही समजावून सांगावं लागणार नव्हतं. या शेवटच्या मुद्द्याचं वजन कुणी कबूल करत नाही, पण ते भरपूर असतं. माझ्या बाजूने मी दोन गोष्टी सांगितल्या. १९९८ मध्ये डॅनियल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी टेक्सास विद्यापीठातल्या प्राध्यापकांना विचारलं होतं की कायम नेमणूक मिळाली किंवा नाकारली गेली तर पुढची काही वर्षं किती सुखाची जातील. त्यांचे अंदाज वास्तवापासून फार लांब होते. ज्यांना प्रत्यक्षात मिळाली होती आणि ज्यांना नाकारली होती, त्यांच्या सुखात सांगण्यासारखा फरक नव्हता. दुसरी गोष्ट २०१९ ची. अमेरिकेतल्या १३१ कंपन्यांच्या विक्री विभागांचा अभ्यास झाला. सर्वांत जास्त विक्री करणाऱ्यालाच साहेब करण्याकडे कल होता, आणि अशा साहेबांच्या हाताखालच्या लोकांची कामगिरी उलट खालावत होती. मास्तर म्हणाले, "ते विक्रीवाले. आम्ही मोजणारे." मी वाद घातला नाही. पाहण्या गर्दीबद्दल बोलतात, समोरच्या एका माणसाबद्दल त्यांना काही माहीत नसतं.

नकार देऊन आहे तिथेच राहायचं. यात धोका कडवटपणाचा. बाहेरून कुणी आला आणि त्याला काम कळत नसेल, तर रोज दात ओठ खाण्याची वेळ.

नोकरी सोडून स्वतंत्रपणे प्रशिक्षण द्यायचं. हे मास्तरांचं आवडतं स्वप्न होतं, पण त्यांनीच पाच मिनिटांत बाजूला ठेवलं. मुलीची तीन वर्षं पूर्ण होईपर्यंत नाही. यावर मी जोर दिला नाही आणि आजही देणार नाही. स्वप्नाला तारीख असली की ते स्वप्न सोडलं असं होत नाही.

चौथी वाट त्यांनी स्वतः काढली, जरा लाजतच. लॅबचा तांत्रिक भाग आणि नव्या लोकांचं शिक्षण आपल्याकडे, कारभार दुसऱ्याकडे. असं पद लॅबमध्ये कधी नव्हतंच.

मास्तरांचे थोरले भाऊ या काळात एकच वाक्य म्हणत होते: "नाही म्हणशील आणि आयुष्यभर पस्तावशील." याला आधार आहे. थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी १९९० च्या दशकात दाखवलं की लगेचची हळहळ केलेल्या गोष्टींची असते, पण लांबच्या काळात न केलेल्या गोष्टी जास्त सलतात. फक्त इथे 'न करणं' कशाला म्हणायचं? पद घेणं म्हणजे वाहत्या पाण्याबरोबर जाणं होतं, सगळे त्याच दिशेने ढकलत होते. अंग मोडून काही करावं लागणार होतं ते नकारासाठी आणि नवं पद मागण्यासाठी. भावाचा नियम उलट्या बाजूनेही लागू पडत होता. मी हे बोलून दाखवल्यावर मास्तर म्हणाले, "हे तुम्ही त्यालाच सांगा."

काय केलं

उत्तर देण्याच्या तारखेच्या तीन दिवस आधी मास्तरांनी व्यवस्थापनाकडे तीन महिन्यांचा प्रभारी कारभार मागितला. तीन महिन्यांनी दोन्ही बाजूंनी ठरवायचं. ही कल्पना माझी होती आणि मला तिची भीतीही वाटत होती. 'याला खात्री नाही' असा शिक्का बसू शकत होता. शिवाय चढून बसलेल्या खुर्चीवरून उतरणं हे न चढण्यापेक्षा अवघड. त्यामुळे उतरायचं झालं तर ते कशावरून ठरवायचं, हे आधीच लिहून ठेवलं: तीन महिन्यांनंतर डायरीतले आकडे काय आहेत, आणि पुढच्या आठवड्याच्या कामांपैकी कुठलं स्वतःहून करावंसं वाटतं.

पहिला महिना उत्तम गेला. आम्ही दोघं गोंधळलो. रखडलेल्या प्रमाणपत्रांचा ढीग त्यांनी तीन आठवड्यांत उपसला, ग्राहक खूश, मालक खूश. मास्तर भेटीला आले ते ताठ मानेने. माझ्या मनात आलं की आपण या माणसाला उगाच खोदत बसलो.

दुसऱ्या महिन्यात एक प्रसंग घडला. मालकांच्या बैठकीला जाताना ते लांबी विभागातून गेले. एका मुलीच्या वहीतल्या वाचनांवर नजर पडली. आकडे एकाच बाजूला सरकत होते, दर वेळी थोडेसे. ते थांबले. हातमोजे मागितले. खोलीतल्या हवेचा झोत थेट त्या टेबलावर येतोय हे सापडेपर्यंत ४० मिनिटं गेली आणि बैठक चुकली. मालकांनी समजून घेतलं. मास्तरांनी त्या दिवशीच्या डायरीत बैठकीबद्दल एक शब्द लिहिला नव्हता.

तिसऱ्या महिन्यात ११ वर्षं शेजारी बसलेल्या सहकाऱ्याला त्यांना मेमो द्यावा लागला. तो योग्य होता, त्यांनी दिलाही, नीट शब्दांत. त्या रात्री झोप लागली नाही. मला म्हणाले, "झोप गेली त्याचं काही नाही. सकाळी उठून वाटलं, पुढच्या वेळी लागेल झोप. ते मला नकोय."

या टप्प्यावर नीट थांबून बघायला हवं, कारण खरा निर्णय इथे झाला. जमत नाही म्हणून नको, हे लोकांना पटतं. जमतंय आणि तरी नको, याला कुणाकडे उत्तर नसतं, आणि माणसाला स्वतःलाही ते लबाडीसारखं वाटतं. मास्तर चांगले प्रमुख होते. मालकांचा, ग्राहकांचा, बहुतेक सहकाऱ्यांचा तसाच शेरा होता. फक्त तीन महिन्यांच्या शेवटी, पुढच्या आठवड्यातलं कुठलं काम तुम्ही सुट्टीच्या दिवशीही येऊन कराल, याच्या उत्तरात त्यांनी लिहिलेल्या चारही गोष्टी प्रमुखाच्या कामात नव्हत्या.

चौथ्या वाटेचा अर्ज त्यांनी अर्ध्या पानात लिहिला. प्रमुख म्हणून एका धाकट्या सहकारी बाईंचं नाव सुचवलं. काही वर्षांपूर्वी त्या मास्तरांच्याच हाताखाली शिकल्या होत्या. अर्ज देण्याआधी मी त्यांना मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांचा एक उपाय करायला लावला: तीन वर्षं झाली, निर्णय पार फसला, असं धरून चाला आणि का फसला ते लिहा. त्यांनी दोन ओळी लिहिल्या. 'नव्या बाईंशी बिनसलं.' 'मी कुजका झालो.'

अर्ज मंजूर झाला. पगारवाढ प्रमुखाच्या वाढीच्या निम्मी.

एक काम राहिलं होतं. कार्स्टन व्रॉश आणि सहकाऱ्यांचं २००३ चं संशोधन मला कामाच्या वेळी नेहमी आठवतं: हाताबाहेर गेलेलं ध्येय सोडून देता येणं आणि त्या जागी दुसरं धरता येणं या दोन वेगळ्या क्षमता आहेत, आणि मनाच्या स्वास्थ्याशी दोन्हींचा संबंध आहे. १४ वर्षं एका दिशेला लागलेला जोर नुसता मोकळा सोडला तर तो कुठे तरी आदळतो. मास्तरांनी दोन गोष्टी धरल्या. दोन वर्षांत सहा जणांना प्रमाणपत्रावर सही करण्याच्या पात्रतेपर्यंत आणायचं. आणि १७ वर्षांत पाहिलेल्या विचित्र वाचनांची, चुकांची एक वही लिहायची. पहिली नोंद त्या उलट्या चिन्हाची.

निष्पत्ती

पहिला आठवडा वाईट गेला. प्रमुखांच्या दारावर नवी पाटी लागली आणि मास्तर जवळजवळ आठवडाभर मागच्या जिन्याने ये-जा करत होते. हे त्यांनी मला चार महिन्यांनी सांगितलं. 'मी कुजका झालो' असं आधी लिहिलेलं असल्यामुळे ते ओळखू आलं, असं त्यांचं म्हणणं. टळलं मात्र नाही.

दोन वर्षांनंतरचा हिशेब: सहापैकी चार जण सहीपर्यंत पोहोचले. त्यांतले दोघं जास्त पगारावर दुसरीकडे गेले, एक जण मास्तरांची मोजमापातल्या अनिश्चिततेच्या हिशेबाची फाइलही बरोबर घेऊन गेला. वही साठाव्या पानाच्या आसपास अडली आहे. डायरी त्यांनी पुन्हा दोन आठवडे भरली, बरे तास वाढलेले दिसले. बैठका तेवढ्याच नकोशा आहेत, आणि त्या पूर्ण टळल्याही नाहीत.

एक दिवस नव्या प्रमुखबाई त्यांचं प्रमाणपत्र हातात घेऊन विभागात आल्या. बाहेर ग्राहक बसले होते. त्यांनी दार लावलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सर, यात खोलीच्या तापमानाची नोंद राहिलीय." मास्तरांनी मला हे फोन करून सांगितलं. मी विचारलं, मग? "मग काय, खरंच राहिली होती."

आज काय वेगळं करेन

सर्वांत मोठी चूक घरची. मास्तर 'घरी बोलणं चालू आहे' म्हणत राहिले आणि मी ते मानलं. त्यांच्या पत्नीला चौथ्या वाटेचा अर्ज गेल्यानंतर कळलं. त्या पुढे एकदा माझ्याकडे आल्या. निर्णयाबद्दल त्यांची तक्रार नव्हती. "तीन महिने हे रोज रात्री डायरी लिहीत होते," म्हणाल्या. "शेजारी बसून. मला वाटलं ऑफिसचं काम आहे." निम्मी पगारवाढ त्यांच्याही घरात येणार होती. तेव्हा दुसरी भेट दोघांची असायला हवी होती, आणि पैशाचा तक्ता त्यांनी भरायला हवा होता.

दुसरं, साहेबांची डायरी पहिल्याच आठवड्यात मागवायला हवी होती. आत्मविश्वासाच्या मागे मी दवडलेला वेळ सरळ तिकडे लागला असता.

तिसऱ्याबद्दल माझं अजून ठरत नाही. प्रभारी कारभार तीनऐवजी सहा महिन्यांचा असता तर? पहिल्या महिन्याची चमक आणि तिसऱ्या महिन्याचा मेमो, यांच्या पलीकडे काही स्थिरावलं असतं का? सहा महिन्यांनी झोप लागायला लागली असती, आणि कदाचित ते वाईटही नसतं. मास्तरांना हे विचारलं तर ते म्हणतात, "तुम्ही वाचन पुन्हा घ्यायला सांगताय."

आता नव्या प्रमुखबाई दुसऱ्या संस्थेत चालल्या आहेत. पुढच्या महिन्यात खुर्ची पुन्हा रिकामी होतेय. मुलीचं शिक्षणही संपत आलंय. मास्तरांनी कालच फोन करून भेटीची वेळ मागितली, काय चाललंय मनात ते सांगितलं नाही. दोघं येणार आहेत, एवढंच म्हणाले.